घर जाळून वेचलेले खिळे

जुने घर उतरवताना शहाणा माणूस आधी तुळया, वासे, दारे-खिडक्या सोडवून घेतो आणि मग उरलेले खिळे वेचतो. पण कोणी घरालाच काडी लावली, आणि राख चाळून तेवढे खिळे पदरात बांधून नेले, तर त्याला आपण काय म्हणू? युरोपातल्या चांगल्या शहाण्यासुरत्या लोकांनी हा उद्योग दीडशे वर्षे मोठ्या निष्ठेने केला. घर होते समुद्रशेवाळाचे आणि खिळे होते धातूंचे. जे जळून धूर होऊन गेले त्याची किंमत कोणाला ठाऊक नव्हती. आणि ते खिळे त्या घरात नेमके कसे बसवलेले असतात हे समजायला तर १९७३ साल उजाडावे लागले.

ती हकीकत आज सांगायची आहे. तिच्यात रसायनशास्त्र आहे, पण वाचकांनी बिचकू नये. आपल्या चुलीवरची न शिजणारी डाळ तिच्यात आहे, दिवाळीतला सोऱ्या आहे, दातांच्या डॉक्टरची खुर्ची आहे, आणि ज्यांच्या पाठीवरून ते शेवाळ वाहिले गेले त्या गरिबांची परवडही आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या सगळ्या काळात धातू आणि सजीव यांचे नाते समजावून सांगायला मला याहून चांगली गोष्ट सापडली नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी आणि पश्चिमेस हेब्रिडीज नावाचे द्वीपसमूह आहेत. जमीन नापीक, झाडोरा जवळजवळ नाही, वारा बारमाही. मात्र किनाऱ्याच्या खडकांवर तपकिरी शेवाळाची रानेच्या राने. आपल्याकडे शेवाळ म्हटले की विहिरीच्या पायऱ्यांवरचा हिरवा बुळबुळीत थर डोळ्यांपुढे येतो. तिकडचे शेवाळ म्हणजे पुरुषभर उंचीचे, चामड्याच्या पट्ट्यासारखे चिवट रोप. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑर्कनीत हे शेवाळ वाळवून दगडी खाचांत जाळायचा धंदा सुरू झाला आणि पुढे तो हेब्रिडीजमध्ये पसरला. जाळल्यावर जी राख वितळून दगडासारखी घट्ट होई तिला ‘केल्प’ म्हणत. त्या राखेत सोडा असे, आणि सोड्यावाचून काच होत नव्हती, साबण होत नव्हता. एक टन राख मिळवायला सुमारे वीस टन ओले शेवाळ कापावे लागे. ते काम बायका-मुलांसह सारे कुटुंब करी: ओहोटीच्या थंड पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून कापायचे, ओले भारे पाठीवर वाहायचे, वाळवायचे, आणि मग धुरात उभे राहून राख लोखंडी दांड्यांनी ढवळायची. १७४२ साली ऑर्कनीतल्या स्ट्रॉन्से बेटावर या धंद्याविरुद्ध दंगासुद्धा झाला. धुराने पिके खराब होतात आणि मासे पळतात, अशी लोकांची तक्रार होती. दंगेखोरांना शिक्षा झाली आणि धूर चालू राहिला.

नेपोलियनच्या लढायांत स्पेनकडून येणारा वनस्पतिजन्य सोडा अडला आणि केल्पचे भाव कडाडले. टनाला वीस पौंडांपर्यंत भाव गेला. राबणाऱ्याच्या हाती त्यातले एक ते तीन पौंड पडत आणि बाकीचे जमीनदाराच्या तिजोरीत जात. याच सुमारास बेटांवरची माणसे अमेरिकेकडे निघून जाऊ लागली होती. मजूर गेले तर शेवाळ कापणार कोण? जमीनदारांनी पार्लमेंटात वजन खर्च केले आणि १८०३ साली उतारू जहाजांविषयी एक कायदा झाला. वरून पाहता तो प्रवाशांच्या सोयीचा. पण त्यामुळे प्रवासाचे भाडे इतके वाढले की गरिबाला देश सोडणे अशक्य झाले. लढाया संपल्या, परदेशी सोड्यावरचे आणि मिठावरचे कर उतरले, फ्रान्समध्ये लब्लाँने १७९१ साली पेटंट घेतलेल्या रीतीने मिठापासून सोडा स्वस्तात तयार होऊ लागला, आणि १८२० नंतरच्या दहा-वीस वर्षांत राखेचा बाजार बसला. तेव्हा ज्यांना काल जाऊ देत नव्हते त्यांनाच आज हाकलण्याची घाई झाली. १८५१ साली साउथ युइस्ट आणि बारा या बेटांवरची शेकडो माणसे जमीनमालकाने सक्तीने जहाजांवर चढवून कॅनडात पाठवली. त्यांच्या झोपड्या ज्या जमिनीवर होत्या तिथे मेंढ्या चरू लागल्या.

मधल्या काळात त्या राखेला एक दुसरा जन्म मिळाला होता. १८११ साली पॅरिसमध्ये बर्नार कुर्त्वा हा सोऱ्याचा कारखानदार (सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला क्षार) शेवाळाच्या राखेच्या पाण्यावर काम करीत होता. त्याने त्यात तीव्र आम्ल जरा जास्त ओतले, तेव्हा जांभळी वाफ उठली आणि थंड जागी तिचे काळसर चकचकीत स्फटिक जमले. ते आयोडीन. जखमेवर लावायच्या औषधाने आणि गलगंडावरच्या उपायाने आयोडीनला मागणी आली आणि शेवाळाच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. पण रीत तीच. घर जाळायचे आणि राख चाळायची. खिळा तेवढा निराळा.

या जाळण्याचे ज्याला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटले तो माणूस म्हणजे एडवर्ड स्टॅनफर्ड. हा इंग्रज रसायनतज्ज्ञ. १८६२ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे त्याने शेवाळाच्या उपयोगांवर निबंध वाचला. उघड्या खड्ड्यांत शेवाळ जाळले की आयोडीनचा मोठा भाग उडून जातो, तेव्हा बंद भांड्यात भाजून त्याचा कोळसा करावा, असे त्याचे म्हणणे होते. नुसते सांगून तो थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याने हेब्रिडीजमध्ये बस्तान ठोकले आणि टायरी व नॉर्थ युइस्ट या बेटांवर कारखाने घातले. वीस वर्षे शेवाळाच्या संगतीत घालवल्यावर त्याला दिसून आले की बंद भांड्यात भाजणे हेसुद्धा अर्धेमुर्धे जाळणेच आहे. मग त्याने शेवाळ मुळी जाळलेच नाही. त्याने ते सोड्याच्या पाण्यात भिजत घातले.

एका दिवसात ते चामड्यासारखे चिवट शेवाळ विरघळून त्याचा दाट, चिकट लगदा झाला. तो गाळून त्यात आम्ल टाकताच त्यातून बुळबुळीत गोळा वेगळा झाला. या नव्या पदार्थाला स्टॅनफर्डने ‘अल्जिन’ नाव दिले आणि १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. वाळलेल्या तपकिरी शेवाळात पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत हाच पदार्थ असतो. शेवाळाच्या घराच्या भिंती याच्याच. दीडशे वर्षे जो धूर होऊन ऑर्कनीच्या आकाशात गेला तो हा.

इथे क्षणभर थांबून मी वाचकांना आपल्याच स्वयंपाकघरात नेतो. ज्यांच्या गावचे पाणी जड आहे त्या घरांतल्या बायकांना हे माहीत असते की अशा पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. चुलीत कितीही लाकडे सारा, दाणा टचटचीत राहतो. मग कोणी जाणती बाई चिमूटभर खायचा सोडा टाकते आणि डाळ पाहता पाहता मऊ होते. स्टॅनफर्डने बादल्यांनी जे केले तेच ती चिमटीने करते. दोन्ही ठिकाणी सोड्याने घट्ट बांधलेली भिंत सैल केली. कशी केली ते आता पाहू.

सजीवांची पुष्कळशी घडण लांबलचक साखळ्यांची असते. साखरेच्या कणांसारख्या लहान लहान कड्या एकापुढे एक जोडून शेकडो, हजारो कड्यांची एक साखळी. अल्जिनच्या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एक आम्लगट असतो आणि पाण्यात त्याच्यावर ऋण विद्युत्भार येतो. एकाच जातीचे भार एकमेकांना ढकलतात. म्हणून अशा दोन साखळ्या आपण होऊन जवळ येणार नाहीत. धातूंचे कण पाण्यात विरघळले की त्यांच्यावर धन भार असतो आणि अशा भारित कणाला आयन म्हणतात. हे धन आयन ऋण साखळीभोवती गोळा होणार हे उघडच आहे. प्रश्न आहे तो कोणता आयन गोळा होतो आणि होऊन काय करतो हा.

सोडियमच्या आयनावर एक भार असतो. तो साखळीभोवती घोटाळतो, पण त्याला एकच हात असल्यासारखे आहे: एका साखळीचा पदर धरला की दुसऱ्या साखळीला द्यायला त्याच्यापाशी काही उरत नाही. म्हणून सोडियम असला की साखळ्या सुट्या राहतात, पाण्यात पसरतात आणि दाट काढा होतो. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो दोन शेजारच्या साखळ्यांच्या मध्ये बसून दोघींना धरू शकतो. तो खिळा झाला. जिवंत शेवाळात भिंती अशा कॅल्शियमने ठोकलेल्या असतात. स्टॅनफर्डच्या सोड्याने कॅल्शियम खेचून घेऊन त्याची खडू करून टाकली, साखळ्यांना सोडियम दिला, आणि भिंत विरघळली. त्या विरघळलेल्या द्रवात पुन्हा कॅल्शियमचा क्षार टाका, क्षणार्धात घट्ट चीक गोठतो.

स्टॅनफर्ड १८९९ साली वारला. त्याच्या हयातीत या पदार्थाचा व्यापार फारसा वाढला नाही. १९२९ साली अमेरिकेत सान दिएगो येथे केल्को नावाच्या कंपनीने अल्जिनचा कारखाना चालवायला घेतला आणि तेव्हापासून आइस्क्रीमपासून रंगांपर्यंत जिथे जिथे दाटपणा हवा तिथे हे शेवाळाचे सत्त्व शिरले. पण खिळ्याचा खरा खेळ दिसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या वर्षांत.

इंग्लंडात लीड्स येथे स्पीकमन आणि त्याचे सहकारी अल्जिनचा धागा काढीत होते. रीत आपल्या घरच्या शेवेसारखी. सोऱ्यातून पिठाची धार तापल्या तेलात पडावी आणि पडताक्षणी तिची शेव व्हावी, तशी बारीक भोकांतून सोडियमच्या अल्जिनची धार कॅल्शियमच्या पाण्यात सोडायची. धार पडताक्षणी धागा होतो. फरक इतकाच की इथे घट्टपणा उष्णतेने येत नाही, आयनांच्या अदलाबदलीने येतो. धागा सुंदर, चमकदार आणि न जळणारा. पण त्याचे कापड करून साबण-सोड्याच्या पाण्यात टाकले की नाहीसे! साबणातल्या आणि सोड्यातल्या सोडियमने कॅल्शियमला उठवले आणि कापड विरघळले. स्पीकमनने कॅल्शियमच्या जागी क्रोमियम आणि बेरिलियम यांचे आयन बसवून पाहिले. खिळे जास्त पक्के झाले, पण नेहमीच्या कपड्यांत या धाग्याचा टिकाव लागला नाही. मग कारखानदारांनी दोषालाच गुण केले. मोजे एकापुढे एक सलग विणायचे, दोन मोज्यांच्या मध्ये एक फेर अल्जिनच्या धाग्याचा घालायचा, आणि शेवटी सगळी माळ धुवून काढायची. मधला धागा विरघळतो, मोजे सुटे होतात. कात्रीचे काम नाही.

त्याच काळात दातांच्या डॉक्टरांची पंचाईत झाली होती. जबड्याचा साचा घ्यायला ते अगर-अगर नावाचे एक दुसरे शेवाळसत्त्व वापरीत आणि ते मुख्यतः जपानमधून येई. लढाई पेटली, माल थांबला. तेव्हा अल्जिनची भुकटी पुढे आली. आजही डॉक्टर ती पाण्यात कालवून चमच्यासारख्या साच्यात भरून तोंडात धरायला लावतो, ती बहुधा हीच. तिच्यात कॅल्शियम असते ते जिप्समच्या रूपाने, आणि ते हळूहळू सुटते. शिवाय तिच्यात सोडियमचा एक फॉस्फेट क्षार मुद्दाम घातलेला असतो. सुटलेले पहिले पहिले कॅल्शियम तो गिळून टाकतो, आणि त्याचा साठा संपेपर्यंत डॉक्टरला कालवायला, भरायला मिनिटभराची उसंत मिळते. मग कॅल्शियम साखळ्यांकडे वळते आणि साचा गोठतो. धातूच्या आयनाला दारातच अडवून ठेवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

जखमेवरच्या पट्टीतही हाच व्यवहार चालतो. कॅल्शियमच्या अल्जिनची मऊ कापसासारखी पट्टी वाहत्या जखमेवर ठेवली की जखमेच्या स्रावातला सोडियम आत शिरतो आणि कॅल्शियम बाहेर पडते. पट्टीचा ओलसर लगदा होतो, तो जखमेला चिकटून ओढत नाही. आणि रक्त गोठायला कॅल्शियम लागतेच, ते जागच्या जागी मिळते.

एवढे सगळे उद्योग चालले, पण मूळ कोडे तसेच होते. खिळ्याला दोन भार हवेत हे खरे. मग मॅग्नेशियमवरही दोनच भार असतात, त्याने अल्जिन का गोठत नाही? समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम जवळजवळ पावणेअकरा ग्रॅम, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम अवघे चारदशांश ग्रॅम असते. म्हणजे शेवाळाच्या दारात सोडियमची जत्रा, मॅग्नेशियमचा जमाव आणि कोपऱ्यात उभे असलेले थोडे कॅल्शियम. तरी भिंतीत बसवायला शेवाळ नेमके त्या कोपऱ्यातल्याला बोलावते. याला नुसता भार पुरत नाही. यात निवड आहे.

उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले. अल्जिनच्या साखळीतली मॅन्युरॉनिक आम्लाची कडी १९३० च्या सुमारास ओळखली गेली आणि बरीच वर्षे सारी साखळी तिचीच आहे अशी समजूत होती. १९५५ साली जर्मनीत फिशर आणि डोर्फेल यांनी गुल्युरॉनिक आम्ल नावाची दुसरी कडी दाखवून दिली. मग नॉर्वेतल्या ट्रॉन्डहेम येथे हाउग, लार्सन आणि स्मिड्सरॉड यांनी साखळीचे तुकडे करून पाहिले. या दोन कड्या वाटेल तशा मिसळलेल्या नसून कुठे एकीची लांब रांग, कुठे दुसरीची, तर कुठे दोघींची मिसळ, अशी वस्ती आहे हे त्यांना आढळले. कॅल्शियमला धरणारी रांग होती ती गुल्युरॉनिकची. लाटांचा मार खाणाऱ्या शेवाळाच्या ताठ देठात हिचे प्रमाण जास्त आणि लवचीक पानात कमी, हेही कळले. निसर्गाने खांबाला खिळे जास्त मारले होते, पडद्याला कमी.

शेवटचा तुकडा इंग्लंडात बसला. १९७३ साली ग्रँट, मॉरिस, रीस, स्मिथ आणि थॉम या पाच जणांनी एका लहानशा लेखात चित्र पुरे केले. गुल्युरॉनिकची रांग सरळ पट्टीसारखी नसते; ती नागमोडी असते आणि तिच्यात ठरावीक अंतरावर खळगे पडतात. अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्या की खळग्यांसमोर खळगे येतात आणि प्रत्येक जोडीत एक कॅल्शियम बसतो. अंडी ठेवायचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना? तसाच एक खाली, एक वर आणि मध्ये अंडी. या कल्पनेला त्यांनी नावही अंड्यांच्या पेटीचेच दिले. सोडियमचा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढाच असतो, पण त्याचा भार एक. तो खळग्यात मावतो, पण धरून ठेवीत नाही. मॅग्नेशियमचा भार दोन, पण आकार कॅल्शियमच्या पाऊणपट. शिवाय आपल्या अंगाभोवतीचे पाणी तो सहजी सोडीत नाही. त्याला खळगा सैल होतो. भार आणि माप ही दोन्ही जुळतात ती कॅल्शियमपाशी. आणि एक अंडे ट्रेला धरत नाही; ओळीने पुष्कळ खळगे भरले तरच जोड पक्का होतो. म्हणून रांग लांब हवी.

या चित्राच्या चार वर्षे आधी, १९६९ साली, अमेरिकेत जेराल्ड मॅनिंगने दुसऱ्या बाजूने हिशेब मांडला होता. साखळीवर भार फार दाटीने बसलेले असतील, तर काही धन आयन नेमक्या जागी न बसताही तिच्याभोवती ढगासारखे दाटून राहतात, असे त्याने गणिताने दाखवले. आनुवंशिकतेचा तो प्रसिद्ध दुहेरी मळसूत्राचा रेणू, डीएनए, याच जातीचा: अंगभर ऋण भार. रोझालिंड फ्रँकलिनने १९५२ च्या सुमारास ज्याची क्ष-किरण चित्रे घेतली तो धागाही त्याचा सोडियमचा क्षारच होता. धातूंच्या आयनांनी ते भार झाकले नाहीत तर मळसूत्राचे दोन पदर एकमेकांजवळ राहणे कठीण. तेव्हा धातू आणि सजीव साखळ्या यांचे संबंध दोन प्रकारचे समजावेत. एक, गर्दीने घोटाळणाऱ्यांचा. दुसरा, आपली जागा धरून बसणाऱ्यांचा. जीवनाला दोन्ही लागतात.

या निवडीचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिला नाही. कॅल्शियमच्या कुळात स्ट्रॉन्शियम नावाचा थोरला भाऊ आहे, जरासा मोठा. १९५० नंतर अणुबाँबच्या उघड्या हवेतल्या चाचण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या धुळीतून किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० जगभर पसरले. ते गवतावर पडे, गवतातून गाईच्या दुधात येई, दुधातून मुलांच्या पोटात जाई. आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत बसवी. मुलांपुढे ठेवलेल्या दुधाच्या पेल्याकडे आयांनी भीतीने पाहावे असा तो काळ होता. १९६४ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात स्कोरिना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सोडियमचे अल्जिन पोटात असले तर आतड्यातून रक्तात जाणारे स्ट्रॉन्शियम पुष्कळ कमी होते. कारण अल्जिनच्या खळग्यांना कॅल्शियमपेक्षाही स्ट्रॉन्शियम जास्त घट्ट बसते. साखळी त्याला पोटातच पकडून बाहेर घेऊन जाते. पुढे माणसांवरही हे पडताळून पाहिले गेले. अर्थात मुलांचे दूध निवळण्याचे मोठे काम शेवाळाने केले नाही. ते १९६३ साली मॉस्कोत झालेल्या करारानंतर, उघड्या हवेतल्या बहुतेक चाचण्या थांबल्या तेव्हा झाले. तरी ज्या साखळ्यांचा धूर करून आपण काच आणि साबण केला, त्या साखळ्यांना जगातला एक अत्यंत घातक धातू ओळखून धरता येत होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता त्या न शिजणाऱ्या डाळीचे राहिलेले सांगतो. फळे, भाज्या, डाळी यांच्या पेशी एकमेकींना चिकटवणारा एक पदार्थ असतो, पेक्टिन. १८२५ साली फ्रान्समध्ये नान्सी येथे ब्राकोनो याने त्याला नाव दिले. त्याच्या साखळीतली कडी अल्जिनच्या गुल्युरॉनिक कडीचे जवळजवळ आरशातले प्रतिबिंब आहे, आणि तिच्यातही कॅल्शियम त्याच तऱ्हेने बसते. जड पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेक्टिनला खिळे मारते. सोडा ते खिळे उपटतो. (सोडा बेताने घालावा हे खरे, कारण त्याने डाळीतले ब जीवनसत्त्व नासते.) उलट कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. निवळी दोन कामे करते. आपल्या तीव्रपणाने ती पेक्टिनवरचे झाकलेले भार उघडे करते आणि मग त्या भारांवर कॅल्शियम बसवते. म्हणून तो पाणचट कोहळा पाकात उकळला तरी गळत नाही, खुटखुटीत राहतो. स्ट्रॉन्से बेटावर पहिली भट्टी पेटली त्याच्या किती आधीपासून आपल्याकडच्या बायका निवळी वापरीत असतील, कोण जाणे. खिळा ठोकणे आणि खिळा काढणे या दोन्ही विद्या एकाच फडताळात, शेजारशेजारच्या डब्यांत होत्या.

अल्जिनचा उद्योग आपल्या देशातही आला. भावनगर येथे मीठ आणि समुद्रातील रसायने यांची केंद्रीय संशोधन संस्था १९५४ साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली, आणि तिने आपल्या किनाऱ्यांवरच्या शेवाळांचा अभ्यास हाती घेतला. मालवण-रत्नागिरीच्या कातळांवर उगवणारे सर्गॅसम याच तपकिरी कुळातले. पण धंदा वाढला तो तामिळनाडूत, मन्नारच्या आखाताच्या काठाने. तिथल्या कोळी बायका बोटांना चिंध्या गुंडाळून पाण्यात बुड्या मारतात आणि खडकांवरचे शेवाळ खुडून आणतात. १९८६ साली त्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवाळ आणि मासे वाचवण्यासाठी ते हवेच होते, यात मला शंका नाही. पण ज्या बेटांभोवती या बायकांच्या आया बुड्या मारीत आल्या तिथे जाणे आता गुन्हा ठरू लागले, आणि पोट व कायदा यांच्या ओढाताणीत त्या सापडल्या.

हेब्रिडीज आणि मन्नार यांच्यामध्ये अर्धे जग आणि दोन शतके आहेत. शेवाळ जाळण्याचा अडाणीपणा आपण सोडला. साखळीत कोणता आयन कुठे बसतो, का बसतो, कोण त्याला उठवू शकतो, हे आपण अणूच्या मापाने सांगू शकतो. एवढी बारीक नजर लाभल्यावर पाण्यात उतरणाऱ्या बाईकडे मात्र आपण अजून दुरूनच पाहतो. १७४२ साली स्ट्रॉन्सेच्या लोकांनी सांगितले होते की धूर आमच्या पिकांवर येतो, आणि त्यांना शिक्षा झाली. मन्नारच्या बायकांनाही सांगण्यासारखे काही आहे: शेवाळ कोणत्या महिन्यात खुडावे, किती ठेवावे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा येते, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. चुन्याची निवळी शास्त्राच्या आधी कोणाच्या हातांना ठाऊक होती, हे ज्यांना आठवते त्यांनी तरी ते ऐकून घ्यावे.